बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणारे जोगेंद्रनाथ मंडल

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'मंडल' हा शब्द कानी पडला की आपल्याकडे सर्वांना आयोग आठवतो. ते बिंदेश्वरी प्रसाद मंडल, बिहारचे. आज ज्यांच्याविषयी चार शब्द सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत ते मंडल निराळे. ते बंगालचे, नामशूद्र जातीत जन्मलेले आणि व्यवसायाने वकील. वकिलीतून ते विधानसभेत गेले, मंत्री झाले, आणि १९४६ साली परमपूज्य बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याचे सर्व दरवाजे बंद असताना बंगालचा दरवाजा त्यांनी उघडून दिला. पुढे ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले, आणि तेथूनही राजीनामा देऊन परत आले. त्यांचे नाव जोगेंद्रनाथ मंडल.

हा विषय निवडण्याचे कारण आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी याच मेळाव्यात एका वक्त्याने सांगितले की, बाबासाहेब जैसोर-खुलना मतदारसंघातून लाखो मतांनी निवडून आले आणि त्याचा सूड म्हणून काँग्रेसने तो भागच पाकिस्तानला देऊन टाकला. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. घरी गेल्यावर आमच्या पुतण्याने विचारले, "काका, घटना समितीला लोकांनी मतदान केलेच कुठे होते?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जे वाचले, तपासले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. काहींना ते रुचणार नाही याची आम्हाला कल्पना आहे.

बारिसाल हा पूर्व बंगालचा जिल्हा, आज बांगलादेशात. नद्या, खाड्या आणि भातशेतीचा मुलूख. रस्त्यापेक्षा होडी कामाची. तेथील गौरनदी भागातील मैस्तारकांदी या खेड्यात २९ जानेवारी १९०४ रोजी जोगेंद्रनाथांचा जन्म झाला. नामशूद्रांना पूर्वी 'चांडाल' म्हणत. ठाकूर हरिचाँद आणि त्यांचे पुत्र गुरुचाँद यांनी मतुआ पंथाच्या द्वारे या समाजाला स्वाभिमान आणि शिक्षणाची वाट दाखविली, आणि १९११ च्या जनगणनेत 'चांडाल' जाऊन 'नामशूद्र' हे नाव आले. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे नाव आपल्याला पाठ असते. बंगालच्या या चळवळीचे नाव मात्र आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, ही आपलीच उणीव समजावी.

जोगेंद्रनाथ बारिसालच्या ब्रजमोहन महाविद्यालयातून पदवीधर झाले. कलकत्त्यात कायद्याची पदवी घेऊन त्यांनी प्रथम कलकत्त्यास व नंतर बारिसालला वकिली सुरू केली. पण सनद मिळून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच १९३७ च्या प्रांतिक निवडणुका आल्या.

या निवडणुकीपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत. १९३२ च्या पुणे कराराने बंगालात अस्पृश्यांसाठी ३० जागा राखीव झाल्या होत्या. जोगेंद्रनाथ त्यांपैकी एकीवरही उभे राहिले नाहीत. ते सर्वसाधारण जागेवर अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि तेही कोणाविरुद्ध? जिल्ह्यातील काँग्रेसचे पुढारी सरलकुमार दत्त यांच्याविरुद्ध. हे दत्त म्हणजे थोर देशभक्त अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. आणि जोगेंद्रनाथ ज्या महाविद्यालयात शिकले ते याच अश्विनीकुमारांनी आपल्या वडिलांच्या नावाने काढलेले! मालमत्ता आणि शिक्षण पाहून मताचा अधिकार मिळण्याचा तो काळ होता. सवर्ण मतदारांची मते मिळाल्याखेरीज तो विजय शक्य नव्हता. म्हणजे हा माणूस केवळ जातीच्या बळावर पुढे आला, असे कोणी म्हणू नये.

विधानसभेत गेल्यावर त्यांना एक गोष्ट उमगली. २५० सभासदांच्या त्या सभागृहात कोणालाच सुखाने बहुमत मिळत नव्हते. मंत्रिमंडळे बनत, कोसळत. अशा वेळी वीस-पंचवीस अनुसूचित सभासद एकत्र राहिले तर ते ज्याच्या बाजूने जातील त्याचे सरकार. वकिलाला कायद्याचे कलम जसे दिसते तसे जोगेंद्रनाथांना हे गणित दिसले. सुरुवातीस ते बोस बंधूंच्या, शरदबाबू आणि सुभाषबाबूंच्या, निकट होते. कलकत्ता महानगरपालिकेतही त्यांनी काम केले. पण काँग्रेस आपल्या समाजासाठी काही करील हा भरवसा उडाल्यावर १९४३ साली त्यांनी वीस-एकवीस अनुसूचित आमदारांसह मुस्लिम लीगच्या ख्वाजा नाझिमुद्दिन यांना पाठिंबा दिला.

पाठिंबा फुकट दिला नाही. अनुसूचित जातींचे तीन मंत्री, त्यांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची अंमलबजावणी, अशा अटी घातल्या. जोगेंद्रनाथ स्वतः सहकार व ग्रामीण कर्जाचे मंत्री झाले. खेड्यातल्या कुळाचे आणि सावकाराचे नाते ज्याने होडीतून फिरताना पाहिले त्याच्याकडे हे खाते आले, हे योग्यच होते. परंतु येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे १९४३ साल म्हणजे बंगालच्या भीषण दुष्काळाचे साल. अन्नान्न करून जे मेले त्यांत भूमिहीन, मच्छीमार, नामशूद्र असंख्य होते. त्या सरकारात आपले मंडल मंत्री होते. गौरव करताना हे पान गाळून पुढे जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

लीगशी सहकार्य का, हे त्यांनी पुढे राजीनाम्याच्या पत्रात स्वतःच मांडले आहे. बंगालचा मुसलमान आणि बंगालचा अस्पृश्य दोघेही शेतकरी, मजूर, कोळी. दोघेही शिक्षणात मागे. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू. तेव्हा दोघांनी मिळून विधानसभेत असे कायदे करावेत की दोघांचे भले होईल, असा तो विचार होता. त्यात खोट काढणे आज सोपे आहे. परंतु १९४३ साली बारिसालच्या बांधावर उभे राहून पाहिले असते तर आम्हालाही तो पटला असता असे वाटते.

याच साली बंगालमध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा निघाली आणि जोगेंद्रनाथ बाबासाहेबांच्या चळवळीत आले.

आता १९४६. प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. सबंध देशात मोजून दोन आमदार निवडून आले, एक मध्यप्रांतात आणि एक बंगालमध्ये. बंगालचा तो एक म्हणजे जोगेंद्रनाथ. आपल्या मुंबई प्रांतात एकही नाही. आणि घटना समितीचे सभासद निवडायचे होते ते या आमदारांनी. लोकांनी नव्हे! आमच्या पुतण्याचा प्रश्न रास्त होता तो येथे. मुंबई विधानसभेत ज्यांचा एक आमदार नाही त्या बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणार कोण?

पण मग एकटा आमदार तरी काय करणार, असे आपण विचाराल. त्यासाठी निवडणुकीची पद्धत समजून घेतली पाहिजे. साधारणतः दहा लाख लोकसंख्येमागे एक सभासद याप्रमाणे बंगालला ६० जागा आल्या, ३३ मुस्लिम आणि २७ सर्वसाधारण. मुस्लिम आमदारांनी आपले ३३ निवडायचे, बाकीच्यांनी २७. मतदान पसंतीक्रमाने. प्रत्येकाचे मत एक, पण पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रमांक द्यायचे. शंभर-सव्वाशे मतदार आणि जागा २७, म्हणजे चार-पाच आमदारांची पहिली पसंती मिळाली की माणूस निवडून आला. वकील मंडलांनी हे बरोबर हेरले. स्वतःचे एक मत होतेच, हवी होती आणखी चार-पाच. त्यासाठी ते अनुसूचित आमदारांच्या दारोदार फिरले. त्यांत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेलेही होते. पक्षाचा हुकूम मोडून मत देणे म्हणजे राजकारणातले आयुष्य पणाला लावणे. तरीही काहींनी ते दिले, आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून आले.

बंधूंनो, लाखो मतांच्या कहाणीपेक्षा ही पाच-सहा मतांची हकीकत आम्हाला अधिक थरारक वाटते. लाखांच्या गर्दीत एक मत इकडचे तिकडे झाले तर कळत नाही. येथे एकेक आमदार म्हणजे एकेक खांब होता.

जैसोर-खुलनाचेही सांगून टाकतो. घटना समितीला मतदारसंघच नव्हते, तेव्हा जैसोर-खुलना मतदारसंघ असण्याचा प्रश्न येत नाही. बाबासाहेबांची जागा गेली ती बंगालची फाळणी ठरल्यामुळे. २० जून १९४७ रोजी बंगाल विधानसभेच्या दोन भागांच्या बैठका होऊन फाळणीचा निर्णय झाला, आणि बंगालमधून निवडलेल्या जागा रद्द होऊन दोन्ही भागांसाठी नव्याने निवड करायची ठरली. बाबासाहेबांप्रमाणे इतरांच्याही जागा गेल्या. खुलना जिल्हा पाकिस्तानात गेला हे खरे, पण ते रॅडक्लिफ निवाड्याने. तो जाहीर झाला १७ ऑगस्टला, तेव्हा बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून येऊन भारताचे कायदेमंत्रीही झालेले होते. मुंबईची जागा बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झाली होती, आणि ती बाबासाहेबांना द्यावी म्हणून राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी बाळासाहेब खेरांना पत्र लिहिले. वर्षभरापूर्वी ज्यांनी दार लावले त्यांनीच ते उघडले, कारण बंगालच्या दारातून आत आलेले बाबासाहेब १७ डिसेंबर १९४६ च्या भाषणात कसे बोलले आणि नंतर समित्यांत कसे राबले हे सर्वांनी पाहिले होते. बंगाल नसते तर ते भाषण नसते. मंडलांचे ऋण ते एवढे मोठे आहे. त्याला सूडाच्या कथेची फोडणी कशाला?

येथपर्यंतची हकीकत सांगायला सोपी. पुढची अवघड.

ऑक्टोबर १९४६ मध्ये लीग हंगामी सरकारात आली. पाच जागांपैकी एक जिनांनी जोगेंद्रनाथांना दिली आणि ते अखंड हिंदुस्थानचे कायदामंत्री झाले. बाबासाहेबांकडे पुढे जे खाते आले ते त्याआधी काही महिने मंडलांच्या हाती होते, हा योगायोग फारसा कोणी सांगत नाही. पण त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आणि ऑक्टोबरमध्ये नोआखालीत रक्तपात झाला होता. मंडलांनी लीगची साथ सोडली नाही. 'जोगेन अली मुल्ला' अशी त्यांची टर उडविली जाऊ लागली. बंगालच्या फाळणीला त्यांचा विरोध होता, कारण फाळणी झाली तर नामशूद्रांचा बहुतेक मुलूख पूर्वेस जाणार हे त्यांना दिसत होते. गुरुचाँदांचे नातू बॅ. प्रमथरंजन ठाकूर काँग्रेसच्या बाजूला होते. एकाच समाजातले हे दोन कायदेपंडित दोन दिशांना गेले आणि समाज मधोमध उभा राहिला.

फाळणीची योजना जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, २ जून १९४७ ला, बाबासाहेबांनी मंडलांना पत्र लिहिले होते. फाळणी थांबविणे अस्पृश्यांच्या हातात नाही, जिकडे राहाल तिकडे संरक्षणे मिळविण्यासाठी झगडा, असा त्याचा आशय आहे. मंडलांनी पाकिस्तानात संरक्षण मिळेल असे मानले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली तेव्हा तात्पुरते अध्यक्ष म्हणून लियाकत अलींनी त्यांचेच नाव सुचविले. दुसऱ्या दिवशी जिना अध्यक्ष झाले आणि धर्माचा राज्यकारभाराशी संबंध राहणार नाही असे आश्वासन देणारे त्यांचे प्रसिद्ध भाषण झाले. बारिसालच्या एका खेड्यातला नामशूद्राचा मुलगा एका नव्या राष्ट्राच्या संसदेचा पहिला अध्यक्ष! त्या दिवशी त्यांना आपला मार्ग बरोबर वाटला असेल तर नवल नाही.

परंतु चूक नेमकी तेथेच होती असे आमचे मत आहे. बंगालच्या विधानसभेत वीस मतांनी सरकार पडत असे, म्हणून मंडलांचा शब्द चाले. कराचीत त्यांच्या मतावर कोणाचेच सरकार अवलंबून नव्हते. हिशेबाची वहीच बदलली होती आणि ते जुने आकडे धरून बसले होते. मंत्रिपद राहिले, मताची किंमत गेली.

नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढले की पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, आणि सवर्णांचा राग आहे एवढ्याच कारणाने लीगवर विश्वास ठेवू नये. डिसेंबरमध्ये त्यांनी नेहरूंनाही पत्र लिहिले, कारण अस्पृश्यांना पाकिस्तानातून निघू दिले जात नव्हते. मंडल तेव्हा पाकिस्तानचे कायदा व श्रममंत्री होते. गुरू आणि सहकारी यांच्यात एवढे अंतर पडले होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये जिना गेले. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नामशूद्रांच्या गावी कम्युनिस्टाचा शोध घेण्यास गेलेल्या पोलिसांशी झटापट होऊन एक शिपाई मारला गेला, आणि त्याचा बदला सबंध गावावर उगवला. पुढील फेब्रुवारीत दोन्ही बंगालांत दंगली पेटल्या. मंडल स्वतः कालशिऱ्यास गेले. सुमारे साडेतीनशे घरांपैकी तीन सोडून सर्व जमीनदोस्त झालेली त्यांनी पाहिली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या बारिसाललाही ते गेले. ज्यांना "राहा, मी सरकारात आहे" असे त्यांनी सांगितले होते त्यांच्याच राखेतून त्यांना चालावे लागले.

८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी लियाकत अलींना राजीनामा पाठविला, तो कलकत्त्यास येऊन. ते पत्र म्हणजे वकिलाने तयार केलेले आरोपपत्रच आहे. गावांची नावे, तारखा, दिलेली वचने आणि मोडलेली वचने, सर्व क्रमाने. पण त्यात फिर्यादी तोच आणि साक्षीदारही तोच. आपण कशाच्या आशेने लीगकडे गेलो हे त्यांनी त्यात झाकून ठेवलेले नाही. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या आणि इतर कारणांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. दोन राष्ट्रांचे पहिले दोन कायदेमंत्री अस्पृश्य समाजातले, आणि दोघांनाही वर्षाच्या अंतराने खुर्ची सोडावी लागली. कारणे निराळी होती, दोन्ही राजीनामे एका मापाने मोजू नयेत, हे आम्ही जाणतो.

कलकत्त्यात मंडलांचे स्वागत करायला कोणी नव्हते. पाकिस्तानात ते पळपुटे, येथे लीगचे हस्तक. त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत काम केले. पुढे निवडणुकाही लढविल्या, पण पुन्हा कधी निवडून आले नाहीत. बंगालमधील रिपब्लिकन पक्षाच्या कामातही ते होते. सरकारने छावण्यांतील नामशूद्रांना बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवायचे ठरविले तेव्हा मंडलांनी कडाडून विरोध केला. बंगालात विखुरलेल्यांना देशभर विखुरले की त्यांचे मत कोठेच उरणार नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

विरोध फळाला आला नाही. निर्वासित पाठविले गेले. त्यांतली काही कुटुंबे आपल्याच चांदा जिल्ह्यात आली. मूलचेरा, चामोर्शी भागातील बंगाली गावे आपण पाहिली आहेत. १९८२ पासून तो भाग गडचिरोलीत मोडतो. बाजारात मासळी घेताना आपण त्यांच्याशी घासाघीस करतो. ते नामशूद्र आहेत आणि पश्चिम बंगालात ही अनुसूचित जात आहे. परंतु महाराष्ट्राच्या यादीत हे नाव नसल्यामुळे त्यांच्या मुलांना येथे दाखला मिळत नाही. ज्या समाजाच्या आमदारांनी बाबासाहेबांना मत दिले त्या समाजाची ही मुले आहेत. मागच्या महिन्यात आम्ही एका वयस्क मासळीवाल्याला सहज विचारले, "जोगेन मंडल ठाऊक आहेत का?" त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "आमच्या घरात दोन मते आहेत, साहेब. आजोबा त्यांना शिव्या देत, वडील नमस्कार करीत."

अध्यक्ष महोदय, आमची एक सूचना आहे. येत्या २९ जानेवारीस जोगेंद्रनाथांची जयंती आपल्या विहारात व्हावी आणि त्या दिवशी व्यासपीठावर या बंगाली गावांतील मंडळींना बोलवावे. आजोबांची बाजूही मांडली जावी, वडिलांचीही. आणि त्यांच्या दाखल्याच्या मागणीसाठी संस्थेने समाजकल्याण खात्याकडे जो अर्ज करायचा त्याचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे. तो कार्यकारिणीकडे देतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम!